मन लागण्याची वाट न पाहता
वाचकांचे प्रश्न : मानसिक आरोग्य

या महिन्यात आलेल्या पत्रांपैकी बऱ्याच पत्रांचा विषय नैराश्य हाच आहे. आजाराचे नाव बहुतेकांना ठाऊक आहे, काहींचे उपचारही सुरू आहेत. प्रश्न आहे तो सकाळी उठल्यापासून रात्री झोपेपर्यंतच्या वेळेचे काय करायचे, हा. त्यांतील चार पत्रे निवडली आहेत. ओळख कळेल असा तपशील वगळला आहे.

प्रश्न : माझे वय ४७ आहे. अनेक वर्षे मी घरीच शिकवण्या घेत होते. मुलगी शिक्षणासाठी बाहेरगावी गेली आणि त्या पावसाळ्यापासून माझे कशातच मन लागेनासे झाले. पहाटे चारलाच जाग येते, पण उठावेसे वाटत नाही. शिकवण्या बंद केल्या, भजनी मंडळात जाणे सोडले. सिंकमधली भांडी संध्याकाळपर्यंत तशीच पडून राहतात आणि ती पाहून स्वतःचीच लाज वाटते. मानसोपचारतज्ज्ञांनी नैराश्य आहे असे सांगून तीन आठवड्यांपूर्वी गोळ्या सुरू केल्या आहेत. सगळे म्हणतात, ‘मन गुंतव, सकारात्मक राहा.’ मी पहाटे पाचला उठणे, तासभर फिरणे, प्राणायाम आणि वाचन असे वेळापत्रक करून भिंतीवर लावले. ते दुसऱ्याच दिवशी मोडले. मी नेमके काय करू?
— एक वाचक, कराड

उत्तर : ताई, वेळापत्रक मोडले यात दोष तुमचा नाही, वेळापत्रकाचा आहे. पहाटे पाचला उठून तासभर फिरणे धडधाकट माणसालाही महिनाभर टिकवता येत नाही. मग ज्या आजारात अंगातले त्राणच आटते, ठरवण्याची आणि सुरुवात करण्याची शक्तीच दुखावलेली असते, त्या आजारात ते दुसऱ्या दिवशी मोडणारच. असे मोडलेले वेळापत्रक भिंतीवर राहिले की ते दिवसभर ‘तुला जमत नाही’ एवढेच सांगत राहते. म्हणून पहिली विनंती अशी की, तो कागद आज काढून टाका.

नैराश्य दिवसेंदिवस घट्ट कसे होत जाते, हे तुमच्या पत्रातच दिसते. शिकवण्या बंद झाल्या, तेव्हा सुरुवातीला नक्कीच सुटल्यासारखे वाटले असेल. पण शिकवण्यांबरोबर दुपारी दाराशी येणारी मुले गेली, केस विंचरून नीटनेटके बसण्याचे कारण गेले, हातात येणारे स्वतःचे पैसे गेले आणि एखाद्या मुलाला गणित समजल्यावर मिळणारा आनंदही गेला. भजनी मंडळ सुटले, तेव्हा आठवड्यातून एकदा घराबाहेर पडणे आणि चार बायकांनी ‘कशी आहेस’ म्हणून विचारणे सुटले. उदास वाटते म्हणून माणूस एकेक गोष्ट टाळतो, टाळल्यावर क्षणभर हायसे वाटते आणि नेमक्या त्या हायसे वाटण्यामुळेच पुढची गोष्ट टाळणे सोपे होते. मनाला उभारी देणारी ठिकाणे अशी एकामागून एक बंद होत जातात आणि उदासी आणखी खोल जाते.

पीटर लुइन्सन या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९७०च्या दशकात नैराश्याचा विचार या अंगाने मांडला. पुढे १९९६ साली नील जेकबसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी विचार बदलण्यावर भर देणारी पूर्ण उपचारपद्धती आणि तिच्यातला फक्त ‘दैनंदिन कृती पुन्हा सुरू करणे’ हा भाग यांची तुलना केली. त्यात केवळ कृतीचा भागही पूर्ण पद्धतीइतकाच उपयोगी ठरला. मला स्वतःला सर्वांत महत्त्वाचा वाटतो तो आपल्या शेजारच्या गोव्यातला अभ्यास. ‘संगथ’ या संस्थेने तेथील प्राथमिक आरोग्य केंद्रांमध्ये मध्यम ते तीव्र नैराश्य असलेल्या जवळपास पाचशे व्यक्तींबरोबर हे काम केले. त्यांपैकी निम्म्या व्यक्तींना नेहमीच्या वैद्यकीय सेवेबरोबर सहा ते आठ भेटींचे समुपदेशन मिळाले. ते देणारी माणसे डॉक्टर किंवा मानसशास्त्रज्ञ नव्हती. त्याच भागातल्या सर्वसामान्य लोकांना प्रशिक्षण देऊन त्यांनाच समुपदेशक केले होते आणि समुपदेशनाचा गाभा होता तो सुटलेल्या कृतींकडे पायरीपायरीने परतण्याचा. तीन महिन्यांनंतर त्या गटातील ६४ टक्के व्यक्ती नैराश्यातून बाहेर आल्या होत्या. केवळ नेहमीची सेवा मिळालेल्या गटात हे प्रमाण ३९ टक्के होते. वर्षभरानंतरही हा फरक पुष्कळसा टिकून होता. ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात हा अभ्यास प्रसिद्ध झाला आहे. ‘लहान लहान गोष्टी करा’ हा सल्ला मी गोड बोलून वेळ मारून नेण्यासाठी देत नाही, हे तुम्हाला कळावे म्हणून हे एवढ्या विस्ताराने लिहिले. तो उपचाराचाच भाग आहे.

आता प्रत्यक्ष करायचे काय, ते सांगतो. पहिला आठवडा काहीही नवे करू नका, फक्त लिहून ठेवा. शंभर पानी वहीत दर दोन तासांनी एक ओळ पुरे : त्या वेळी काय करत होता आणि मन दहापैकी किती बरे होते. ‘दुपारी १२ ते २, पडून होते, मन २. संध्याकाळी ५, तुळशीला पाणी घातले, शेजारच्या मुलीशी दोन मिनिटे बोलले, मन ४.’ एवढे लिहिले की झाले. ‘दिवसभर सारखेच वाईट वाटते’ असे बहुतेक जण सांगतात, पण वही भरली की दिवसात चढउतार होते असे दिसून येते. तुमच्यासाठी उपयोगाचे औषध त्या दोनच्या आणि चारच्या फरकात दडलेले असते, आणि ते कुणा दुसऱ्याच्या यादीत सापडत नाही.

दुसऱ्या आठवड्यात त्या वहीतून आणि सुटलेल्या गोष्टींतून दोन किंवा तीनच कृती निवडा. एक अशी असावी की जी करून झाल्यावर ‘हे एक काम उरकले’ एवढे तरी वाटेल. दुसरी अशी की जिच्यात पूर्वी जीव रमत असे. आणि एखादी अशी की जिच्यात दुसऱ्या माणसाशी चार शब्द होतील. कृती इतकी लहान हवी की ती कुणाला सांगायला संकोच वाटावा. सिंकमधली सगळी भांडी घासायची नाहीत. चहाचे दोन कप आणि दुधाचे पातेले, एवढेच घासायचे आणि नळ बंद करून बाजूला व्हायचे. अंगात थोडी ताकद वाटली तरीही थांबायचे. थांबण्याला मी मुद्दाम महत्त्व देतो, कारण एखाद्या बऱ्या दिवशी सगळे घर आवरून काढणारा माणूस पुढचे दोन दिवस अंथरुणातून उठत नाही आणि मग ‘आपल्याला झेपत नाही’ हा त्याचा समज आणखी पक्का होतो.

कृतीची वेळ घड्याळाने ठरवा, मनावर सोडू नका. ‘बरे वाटले की करीन’ असे म्हटले तर या आजारात ती वेळ फार उशिरा येते, कारण गोडी वाटणे हीच गोष्ट आजाराने हिरावलेली असते. म्हणून दुपारी साडेतीनला दोन कप घासायचे ठरले असेल, तर साडेतीनला मन कसे आहे याची चौकशी न करता सिंकपाशी जायचे. ‘याचा काय उपयोग’ असा विचार त्याही वेळी येईल. त्याच्याशी वाद घालू नका आणि तो घालवण्याचा प्रयत्नही करू नका. तो डोक्यात असतानाच पाणी हाताला गार लागते की कोमट आणि साबणाचा वास कसा आहे, इकडे लक्ष द्या. ‘सकारात्मक राहा’ म्हणणाऱ्यांचा हेतू चांगला असतो, पण आजारी माणसावर त्यामुळे आणखी एक काम येऊन पडते, म्हणून मी हा सल्ला देत नाही.

भजनी मंडळाकडे परतण्याच्याही पायऱ्या करा. पहिल्या आठवड्यात ज्या मैत्रिणीशी बोलताना संकोच वाटत नाही, तिला फक्त एक फोन करा. पुढच्या आठवड्यात ‘मी शेवटची पंधरा मिनिटे मागे बसेन, गाणार नाही आणि मला कुणी काही विचारू नये,’ असे तिला आधी सांगून जाऊन बसा. टाळ हातात घेणे, चालीत सूर मिसळणे हे त्यानंतर केव्हातरी. शिकवणीचेही तसेच, एकच मूल, एकच विषय, आठवड्यातून दोनदा अर्धा तास. जी पायरी सलग दोनदा जमली नाही, ती फार उंच होती असे समजून तिचे आणखी दोन तुकडे करा.

नैराश्यात अनेकांची सकाळ सर्वांत जड असते आणि दुपारनंतर थोडे हलके वाटते. पहाटे लवकर जाग येणे हेही याच आजाराचे लक्षण आहे. त्यामुळे अवघड कामे सकाळी ठेवू नका. चारला जाग आली आणि अर्ध्या तासात पुन्हा झोप लागली नाही, तर विचार करत पडून राहण्यापेक्षा उठून मंद उजेडात खुर्चीवर बसा. मोबाइल मात्र हातात घेऊ नका. सकाळी उजाडल्यावर गॅलरीत किंवा दारात दहा मिनिटे उजेडात उभे राहिलात, तरी सुरुवातीला तेवढे फिरणे पुरे.

काही दिवस फारच वाईट जातील. त्या दिवसांसाठी आधीच चार गोष्टी कागदावर लिहून फ्रिजवर लावा : गोळी, तोंड धुणे, दोन वेळचे थोडे का होईना पण खाणे, आणि दाराबाहेर एकदा पाऊल. एवढे झाले तर तो दिवस पार पडला, असे समजायचे. आनंद लगेच येत नाही, हेही मोकळेपणाने सांगतो. आधी ‘जमले’ असे वाटू लागते आणि ‘छान वाटले’ ते बऱ्याच उशिरा येते. एका दिवसावरून काही ठरवू नका. दोन-तीन आठवड्यांची पाने शेजारी ठेवून पाहा. गोळ्यांचाही गुण दिसायला साधारण दोन ते चार आठवडे लागतात आणि पूर्ण परिणामासाठी सहा ते आठ आठवडे लागू शकतात, तेव्हा तीन आठवड्यांवर निराश होऊन त्या सोडू नका.

शेवटची एक गोष्ट. पाळी अनियमित झाली असेल किंवा बंद होत आली असेल, तर ते तुमच्या डॉक्टरांना अवश्य सांगा. या वयात नैराश्याचा धोका वाढतो आणि थायरॉइडची तपासणी झाली नसेल तर ती करून घेणे योग्य ठरते. मुलगी गेल्याचे दुःख खरे आहेच, पण सारे काही त्या एकाच कारणावर ढकलून शरीराकडे दुर्लक्ष व्हायला नको.

प्रश्न : मी २७ वर्षांचा असून हिंजवडीतील एका कंपनीत काम करतो. आठवड्यातले बहुतेक दिवस काम फ्लॅटवरूनच असते. रात्री तीनपर्यंत मोबाइल पाहत असतो, सकाळच्या मीटिंगला कॅमेरा बंद ठेवून अंथरुणातूनच हजर राहतो, जेवण बाहेरून मागवतो आणि ते खोके दोन-दोन दिवस टेबलावर पडून असतात. रविवारी मित्रांचे फोन उचलत नाही. घरचे म्हणतात, हा आळस आहे. मला खरोखर नैराश्य आहे की मी आळशी आहे, हे कसे ओळखावे?
— एक वाचक, पुणे

उत्तर : आळशी माणसाला आळसाचा त्रास होत नाही, काम टळले की तो मजेत राहतो. तुम्हाला मित्रांचे फोनही नकोसे झाले आहेत आणि त्याबद्दल तुम्ही स्वतःला दोष देत आहात, म्हणून मी हे पत्र गंभीरपणे घेतो. दोन आठवड्यांहून अधिक काळ, जवळजवळ रोज आणि दिवसाचा बहुतेक वेळ मन उदास असेल किंवा कशातच रस वाटत नसेल, आणि त्याबरोबर झोप, भूक, एकाग्रता व ताकद यांत बदल झाला असेल, आपण निकामी आहोत असे वाटत असेल किंवा मरणाचे विचार येत असतील, तर डॉक्टर नैराश्याचा विचार करतात. ‘पीएचक्यू-९’ नावाची नऊ प्रश्नांची प्रश्नावली जगभर वापरली जाते. ती मागील दोन आठवड्यांबद्दल विचारते आणि तिचे गुण शून्य ते २७ असतात. दहा किंवा त्याहून अधिक गुण आले, तर डॉक्टरांची भेट घ्यायला हवी. ही प्रश्नावली निदान करत नाही, पण ‘मी उगाच बाऊ तर करत नाही ना’ या प्रश्नातून बाहेर काढते. गुण कितीही येवोत, मरणाविषयीच्या शेवटच्या प्रश्नाचे उत्तर ‘कधीच नाही’ याखेरीज दुसरे काही असेल, तर त्याच दिवशी कुणाशी तरी बोला.

भेटीत डॉक्टरांना बी-१२, हिमोग्लोबिन आणि थायरॉइड यांविषयी विचारा. आपल्याकडे शाकाहारी तरुणांमध्ये बी-१२ची कमतरता पुष्कळ आढळते, आणि तिच्यामुळे येणारा थकवा व मरगळ नैराश्यासारखी दिसू शकते किंवा त्यात भर घालू शकते. रात्री झोप यावी म्हणून दारू घेत असाल, तर तेही लपवू नका. दारूने झोप लवकर लागते, पण ती मध्येच मोडते आणि दुसऱ्या दिवशी मन आणखी खाली जाते.

रोजच्या जगण्यात पहिली दुरुस्ती झोपेची करायची, पण तुम्ही समजता त्या टोकाकडून नव्हे. ‘आजपासून अकराला झोपणार’ हा निश्चय टिकत नाही, कारण झोप हुकमाने येत नाही. उठण्याची वेळ मात्र आपल्या हातात असते. ती आत्ताच्या वेळेपेक्षा अर्ध्या तासाने अलीकडे आणा, शनिवार-रविवारीही तीच ठेवा आणि चार-पाच दिवसांनी आणखी अर्धा तास अलीकडे सरका. मोबाइलचा चार्जर पलंगापासून दूर, शक्यतो स्वयंपाकघरात लावा. गजर बंद करण्यासाठी उठून तिथवर जावे लागले पाहिजे. मीटिंगपूर्वी दहा मिनिटे अंथरूण सोडून, तोंड धुऊन, अंगातले कपडे बदलून खुर्चीवर बसा. कॅमेरा बंद असला तरी चालेल. अंथरूण, ऑफिस आणि जेवणाचे टेबल एकच होऊन बसले की शरीराला कामाची आणि विश्रांतीची वेळ वेगळी कळत नाही, असे मी फ्लॅटवर राहून काम करणाऱ्या तरुणांमध्ये पुन्हा पुन्हा पाहतो.

खोक्यांसाठी दिवसातून एक फेरी ठेवा : संध्याकाळी सहाला एक पिशवी घेऊन खाली कचऱ्याच्या डब्यापर्यंत जायचे. त्यात चालणे होते, उजेड मिळतो आणि वॉचमनशी दोन शब्द होतात. जमले तर येताना दूध आणि केळी आणा. दिवसातले एक खाणे तरी घरातले होईल. मित्रांना मोठे स्पष्टीकरण देण्याची गरज नाही. ‘सध्या बरे नाही, फोन उचलत नाही, पण रविवारी चहाला अर्धा तास येतो,’ असा एक संदेश पाठवा आणि अर्ध्या तासाने खरोखर उठून या. घरच्यांशी मात्र डॉक्टरांच्या भेटीनंतरच बोला; आजाराला डॉक्टरांनी नाव दिले की ‘आळस’ हा शब्द बहुतेक घरांतून आपोआप मागे पडतो.

प्रश्न : माझे वडील ६८ वर्षांचे असून गावी शेती करतात. वर्षभरापासून डोके जड आहे, अंग दुखते, भूक नाही असे सांगतात. सगळ्या तपासण्या व्यवस्थित आल्या आहेत. शेतात जात नाहीत, पारावर बसत नाहीत, ओसरीवर भिंतीला टेकून असतात. विसरतातही फार. मागच्या महिन्यात म्हणाले, ‘आता माझा काय उपयोग, मी गेलेलाच बरा.’ आम्ही त्यांना कसे उठते करावे? मानसोपचार म्हटले की ते चिडतात.
— एक वाचक, हिंगोली

उत्तर : तुमच्या पत्रातले शेवटून तिसरे वाक्य मी सर्वांत आधी घेतो. बाबांना उठते करण्याचा विचार त्यानंतर करू. आज, शक्य तितक्या शांतपणे, त्यांच्याजवळ बसून सरळ विचारा : ‘बाबा, तुम्ही असे म्हणालात, तेव्हा जीव द्यावा असे मनात येते का?’ असे विचारल्याने नसलेला विचार डोक्यात येत नाही. बहुतेकांना कुणी तरी विचारले म्हणून हलके वाटते. उत्तर होकारार्थी असेल किंवा ते गप्प राहिले, तर त्यांना एकटे ठेवू नका आणि त्याच दिवशी वैद्यकीय मदत घ्या. उत्तर काहीही असो, घरातली आणि गोठ्यातली फवारणीची औषधे आजच त्यांच्या हाताला लागणार नाहीत अशा जागी, शक्य असल्यास दुसऱ्याच्या घरी कुलपात ठेवा. असा विचार अनेकदा थोड्या वेळापुरता तीव्र होतो, आणि त्या वेळी साधन जवळ नसणे हाच जीव वाचवणारा भाग ठरतो. ‘टेली-मानस’ ही केंद्र सरकारची सेवा १० ऑक्टोबर २०२२ रोजी सुरू झाली आहे. १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास, विनाशुल्क आणि मराठीतही बोलता येते; तुम्ही मुलगा म्हणूनही तेथे सल्ला विचारू शकता. पोलिसांच्या भीतीने काही कुटुंबे अशा गोष्टी लपवतात. २०१८च्या मे महिन्यात अमलात आलेल्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र तणावाखाली होती असे गृहीत धरले आहे आणि तिला शिक्षा न करता उपचार देण्याची जबाबदारी शासनावर टाकली आहे.

उतारवयात, विशेषतः पुरुषांमध्ये, नैराश्य ‘मन उदास आहे’ असे क्वचितच बोलून दाखवते. ते डोकेदुखी, अंगदुखी, बद्धकोष्ठ, झोप आणि भूक यांच्या तक्रारींतून बोलते. विसरभोळेपणाही नैराश्यामुळे असू शकतो आणि उपचारांनी तो सुधारतो, म्हणून म्हातारपण म्हणून सोडून देऊ नका. ‘मानसोपचार’ या शब्दावर अडून बसण्याचे कारण नाही. त्यांचा विश्वास असलेल्या नेहमीच्या डॉक्टरांना तुम्ही आधी भेटून ‘गेलेलाच बरा’ हे वाक्य सांगा आणि झोपेच्या व अंगदुखीच्या तक्रारीसाठी म्हणून बाबांना घेऊन जा. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाखाली जिल्हा रुग्णालयात या आजारावर उपचार होतात, आणि पुढे काय करायचे ते डॉक्टर समजावतील तेव्हा बाबा ऐकण्याची शक्यता अधिक असते.

रोजच्या बाबतीत एकच पथ्य पाळा : सांगायचे नाही, बरोबर जायचे. ‘बाबा, जरा फिरून या, बसून बसून आजारी पडलात’ यात आदेशही आहे आणि ठपकाही आहे. त्याऐवजी चप्पल त्यांच्यापुढे ठेवून ‘तुरीला शेंग कशी धरली ते मला कळत नाही, पहिल्या बांधापर्यंत या, लगेच परतू,’ असे म्हणा आणि खरोखर पहिल्या बांधावरून परता. ज्या गोष्टीत त्यांचे डोळे तुमच्यापेक्षा तयार आहेत, तीच गोष्ट विचारा. बैलाला पाणी दाखवणे, बियाणे निवडणे, नातवाला शाळेच्या वळणापर्यंत सोडणे यांपैकी एक काम ठरावीक वेळी त्यांच्याकडे असू द्या आणि ते वेळेवर झाले नाही तरी तुम्ही उरकून टाकू नका. आठवण करून द्या, सोबत उभे राहा. काळजीपोटी आपण माणसाच्या हातातली सगळी कामे काढून घेतो आणि मग ‘माझा काय उपयोग’ या त्याच्या समजाला घरातूनच पुरावा मिळतो. ‘तुम्हाला काय कमी आहे’ हे वाक्य घरातल्या सर्वांनी बंद करावे. त्याऐवजी संध्याकाळी ओसरीवर त्यांच्याशेजारी बसून दिवसभरात काय झाले ते सांगा, आणि ते बोलले नाहीत तरी बसून राहा. कर्ज, वाटणी किंवा आजारपणाचा खर्च यांपैकी एखादी गोष्ट त्यांच्या मनात असेल, तर ती अशाच बसण्यातून बाहेर येते.

प्रश्न : नैराश्यासाठी सात महिने गोळी सुरू आहे, रोज अर्धा तास चालते, कामावरही रुजू झाले. तीन महिन्यांपासून बरे वाटते. गोळीची सवय लागते म्हणतात. चालणे पुरेसे आहे ना, गोळी सोडू का?
— एक वाचक, डोंबिवली

उत्तर : आत्ताच सोडू नका. नैराश्य पहिल्यांदाच झाले असेल, तर पूर्ण बरे वाटू लागल्यानंतर साधारण सहा ते नऊ महिने गोळी चालू ठेवतात. हा हिशेब गोळी सुरू झाल्यापासून नव्हे, तर बरे वाटू लागल्यापासून करायचा. त्या मापाने तुमचे तीनच महिने झाले आहेत. आजार पूर्वीही होऊन गेला असेल, तर मुदत याहून लांब असते. नैराश्यावरच्या नेहमीच्या गोळ्यांनी दारू-तंबाखूसारखी ओढ लागत नाही, पण त्या एकदम थांबवल्या तर चक्कर, मळमळ, चिडचिड, अंगात विजेचा झटका बसल्यासारखे वाटणे असा त्रास होऊ शकतो, म्हणून डॉक्टर मात्रा टप्प्याटप्प्याने कमी करतात. चालणे सोडू नका. सौम्य नैराश्यात नियमित व्यायामाचा उपयोग चांगलाच होतो आणि पुढेही तो लागेल. मात्र, तुमच्या उपचारात दोन्हींचा वाटा असताना त्यातला एक काढून दुसऱ्यावर सगळा भार टाकण्याची घाई नको.

एक काम मात्र आत्ता, बरे असतानाच करा. गेल्या वेळी आजार वाढत असताना कोणती गोष्ट सर्वांत आधी सुटली आणि त्यानंतर कोणती, ते आठवून क्रमाने लिहा : केसांना तेल लावणे, बहिणीचा रविवारचा फोन, डब्यात भाजी नेणे, लोकलमध्ये ओळखीच्या बायकांशी बोलणे, जे असेल ते. घरातल्या एका माणसाला ती यादी दाखवून ठेवा. पुढे कधी त्यांतल्या पहिल्या दोन-तीन गोष्टी आठवडाभर सुटलेल्या दिसल्या, तर डॉक्टरांच्या पुढच्या तारखेची वाट न पाहता फोन करून भेट मागून घ्या.